एकजातीय वनाचे मिश्र वनात रूपांतर: नवख्या वनधारकांसाठी मार्गदर्शन

एकाच वर्षी, एकाच अंतरावर, एकाच जातीची लावलेली झाडे मोजायला, तोडायला आणि विकायला सोपी असतात. मात्र जे संकट त्यांतील एका झाडाला मारते ते सगळ्यांनाच मारू शकते. २०१८ ते २०२० या कोरड्या आणि उष्ण वर्षांत मध्य युरोपाने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले. स्प्रूस हा मूळचा थंड डोंगरांचा आणि उत्तरेकडील प्रदेशांचा वृक्ष. पण तो सरळ आणि लवकर वाढतो म्हणून गेल्या दोन शतकांत सखल, उबदार भागांतही सर्रास लावला गेला. त्याची मुळे बहुधा उथळ असल्यामुळे मातीच्या वरच्या थरातील ओल संपली की झाड लगेच ताणाखाली येते. निरोगी स्प्रूस सालीत शिरणाऱ्या भुंग्याला राळेत बुडवून मारतो. तहानलेल्या झाडाकडे तेवढी राळ नसते. शिवाय उष्ण वर्षात या सालभुंग्याच्या दोनऐवजी तीन पिढ्या होऊ शकतात. जर्मनीतील हार्ट्स पर्वतातील आणि चेक प्रजासत्ताकातील कित्येक लागवडी अशा रीतीने उभ्याच्या उभ्या वाळल्या. वाऱ्याचीही तीच कथा आहे. जानेवारी २००५ मधील गुद्रून वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले आणि त्यात बहुतांश स्प्रूसच होता.

हा धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. म्युनिकचे वनशास्त्रज्ञ कार्ल गायर यांनी १८८६ मध्येच मिश्र वनाचा आणि लहान लहान गटांनी वन नवे करण्याच्या पद्धतीचा आग्रह धरला होता. पुढील विवेचन बरेचसे त्याच विचाराच्या अंगाने जाते. नवख्या माणसाची समजूत बहुधा अशी असते की रूपांतर म्हणजे जुनी झाडे काढून नव्या जातींची रोपे लावणे. प्रत्यक्षात रूपांतर म्हणजे मुख्यतः उभ्या असलेल्या जुन्या झाडांच्या सावलीखाली प्रकाशाचे नियोजन करणे होय. लागवड हा त्यातील एक भाग आहे, आणि पुष्कळदा तो लहान भाग ठरतो. या कामाला तीस ते पन्नास वर्षे लागतात, हेही सुरुवातीलाच स्वीकारावे.

मिश्र वनाकडून काय अपेक्षा ठेवावी, याबद्दलही स्पष्टता असावी. एखाद्याच वृक्षजातीवर जगणाऱ्या किडींचा उपद्रव मिश्र वनात सहसा कमी राहतो, कारण किडीला तिचे झाड शोधावे लागते. अनेक जातींवर चरणाऱ्या किडींबाबत असे खात्रीने म्हणता येत नाही. चीनच्या आग्नेय भागातील एका मोठ्या प्रयोगात सोळा जातींच्या मिश्रणाने आठ वर्षांत एकजातीय तुकड्यांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक कार्बन साठवल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुष्काळाच्या बाबतीत मात्र चित्र संमिश्र आहे: काही जोड्या पाणी वाटून घेतात, तर काही एकमेकींची ओल पळवतात. त्यामुळे केवळ जातींची संख्या वाढवून भागत नाही. कोणत्या जाती शेजारी येतात हे पाहावे लागते.

पहिली पायरी: वनाची पाहणी

कुऱ्हाड किंवा करवत हाती घेण्यापूर्वी एक पूर्ण ऋतुचक्र पाहणीसाठी द्यावे. आधी नकाशावर वनाचे तुकडे पाडावेत. माती, उतार, ओलावा आणि झाडांचे वय जिथे बदलते तिथे तुकड्याची हद्द येते; मालकीच्या रेषा इथे कामाच्या नाहीत. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन ठिकाणी सुमारे एक मीटर खोल खड्डा घेऊन मातीचा पोत, कठीण थर, मुळांची खोली आणि पाण्याची पातळी पाहावी. जाती निवडताना या खड्ड्यांचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही, आणि तरीही पाहणीतले हेच काम सर्वाधिक टाळले जाते.

झाडांच्या मोजणीसाठी १२.६२ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. त्याचे क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर भरते, म्हणून आतील झाडांची संख्या वीसने गुणली की हेक्टरी संख्या मिळते. प्रत्येक वर्तुळात छातीच्या उंचीवरील व्यास आणि काही झाडांची एकूण उंची मोजावी, आणि दोन्ही एकाच एककात आणून उंचीला व्यासाने भागावे. चोवीस मीटर उंचीच्या झाडाचा व्यास तीस सेंटीमीटर असेल तर गुणोत्तर ८० येते. वीस सेंटीमीटर असेल तर १२०. साधारण ८० च्या आतील झाडे वाऱ्याला आणि बर्फाच्या भाराला तोंड देऊ शकतात, १०० च्या वरची झाडे केवळ एकमेकांच्या आधाराने उभी असतात. हा एक आकडा पुढील सगळ्या विरळणीचा वेग ठरवतो.

यानंतर नजर जमिनीकडे वळवावी. पालापाचोळ्यात कोणती रोपे आपोआप उगवली आहेत, ती किती उंचीपर्यंत पोहोचून थांबली आहेत, त्यांचे शेंडे खाल्लेले आहेत का, याची नोंद घ्यावी. आसपास शे-दोनशे मीटरांत इतर जातींचे बी देणारे मोठे वृक्ष असतील तर त्यांची जागा नकाशावर दाखवावी. दाट, अंधाऱ्या लागवडीतही कुठेतरी एखादे पडलेले झाड, एखादी पायवाट किंवा ओढ्याकाठ अशी जागा असते जिथे निसर्गाने हे काम आधीच सुरू केलेले असते. रूपांतराचा आरंभ त्या जागांपासून करणे शहाणपणाचे.

दुसरी पायरी: जातींची निवड

आज लावलेले रोप या शतकाच्या अखेरीस मध्यमवयीन वृक्ष असेल. म्हणून त्या जागी आज जे शोभते त्याबरोबरच अधिक उष्ण उन्हाळा आणि अनियमित पाऊस काय सहन करील, याचा विचार करावा लागतो. दुसरीकडे, भावी उष्म्याच्या भरवशावर निवडलेली जात आजच्या हिवाळ्यात टिकली पाहिजे. उबदार प्रदेशातील बियाणे पुष्कळदा वसंताच्या सुरुवातीलाच पालवते आणि उशिराच्या हिमकणांनी करपते. स्थानिक जातींचेच, पण किंचित उबदार किंवा कोरड्या भागातील बियाणे काही प्रमाणात मिसळणे हा या पेचातील मधला मार्ग आहे. संपूर्ण परकी जात आणायची असेल, तर ती त्या प्रदेशात आधी तपासली गेली आहे का आणि ती आक्रमक होऊन पसरते का, हे वनविभागाकडून समजून घेतल्याशिवाय एकही रोप लावू नये.

निवडीच्या वेळी प्रत्येक जातीला चार प्रश्न विचारावेत: तिला प्रकाश किती लागतो, मुळे किती खोल जातात, कोणते रोग व कीड तिला मारतात, आणि तिचा पाला मातीत लवकर कुजतो की साचून राहतो. सावली सोसणाऱ्या जाती, उदाहरणार्थ युरोपातील बीच वृक्ष आणि सिल्व्हर फर, जुन्या झाडांखाली कित्येक वर्षे दबून राहूनही प्रकाश मिळताच वाढू लागतात. ओक आणि पाइन यांना मोकळे आकाश हवे असते. बर्च, रोवन, अस्पेन यांसारखे आद्यप्रवासी वृक्ष उघड्या जमिनीवर झपाट्याने येतात, अल्पायुषी असतात आणि त्यांच्या विरळ सावलीत नाजूक जाती सुरक्षित वाढतात. त्यांना तण समजून उपटून टाकण्याची जुनी सवय सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अल्डरसारख्या जाती मुळांतील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे खंगलेल्या मातीवर त्यांना सुरुवातीचे स्थान द्यावे.

कोणत्याही एका पर्यायावर भिस्त ठेवू नये. स्प्रूसऐवजी अ‍ॅश लावून ज्यांनी स्वतःला सुरक्षित मानले, त्यांच्या वाट्याला एका बुरशीचा रोग आला. १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये प्रथम दिसलेली ही मर पुढे युरोपभर पसरली. एका तुकड्यात किमान चार जाती, आणि त्याही शक्यतो वेगवेगळ्या कुळांतील, असे धोरण ठेवावे.

मिश्रण कसे रचावे हा प्रश्नही इथेच सोडवावा. एकाआड एक झाड लावण्याची कल्पना कागदावर आकर्षक दिसते, परंतु जलद वाढणारी जात दहा-पंधरा वर्षांत शेजारच्या मंद जातीला झाकून टाकते आणि शेवटी पुन्हा एकजातीय वन हाती येते. म्हणून प्रत्येक जातीचा गट करावा. वीस ते तीस मीटर व्यासाच्या गटात आतील झाडे आपल्याच जातीशी स्पर्धा करून सरळ वाढतात आणि कडेची झाडे इतरांशी मिसळतात. पूर्ण वाढलेल्या एक-दोन वृक्षांची जागा भरेल एवढा तरी गट असावा, त्याहून लहान नको.

तिसरी पायरी: छत्र उघडणे

सर्व कामाचा गाभा हा आहे, म्हणून इथे घाई सर्वांत महाग पडते. संपूर्ण तोड केली तर माती एकदम उन्हात येते, पृष्ठभाग तापतो, साठलेला पालापाचोळा वेगाने कुजून त्यातील पोषक द्रव्ये पावसाबरोबर वाहून जातात, गवत माजते आणि कोवळी रोपे ऊन व गारठा दोन्हींत सापडतात. जुन्या झाडांचे छत्र या सगळ्यावर मोफत उपाय आहे. ज्या जातीला आपण बदलू पाहतो तीच नव्या पिढीची दाई असते, हे मान्य केले की पुढचे निर्णय सोपे होतात.

विरळणीच्या प्रारंभी काढायची झाडे निवडू नयेत; ठेवायची निवडावीत. हेक्टरी साठ ते शंभर चांगली, स्थिर, मोठ्या पर्णसंभाराची झाडे खुणेने निश्चित करावीत, आणि त्यांतील प्रत्येकाला सर्वांत जास्त दाबणारी एक-दोन शेजारी झाडे काढावीत. मुख्य जातीव्यतिरिक्त जे काही चुकून शिल्लक राहिलेले आहे, मग ते वाकडे असो वा खुरटे, त्याला हात लावू नये. तेच पुढचे बी देणार आहे. एका वेळी उभ्या लाकडाच्या पाचव्या भागापेक्षा फारसे अधिक काढू नये, आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा यावे. विरळणीनंतरची पहिली काही वर्षे उरलेली झाडे वाऱ्याला सर्वाधिक उघडी असतात. मुळे आणि बुंधा जाड होण्यास वेळ लागतो. ज्या तुकड्यात उंची-व्यास गुणोत्तर १०० च्या पुढे आहे आणि माती उथळ किंवा पाणथळ आहे, तिथे हे प्रमाण निम्म्यावर आणावे किंवा विरळणी टाळून थेट लहान मोकळ्या जागा कराव्यात. वाऱ्याच्या दिशेची कड शेवटपर्यंत दाट ठेवावी.

मोकळ्या जागेचा आकार जातीवर अवलंबून असतो. सावलीप्रिय जातींसाठी एखाद-दुसरे झाड काढल्याने पडणारा खंड पुरतो, म्हणजे भोवतालच्या झाडांच्या उंचीच्या साधारण निम्म्या व्यासाचा. ओकसारख्या प्रकाशप्रिय जातीला एक ते दोन वृक्षउंचीइतका व्यास लागतो. तीस मीटर उंच वनात तो तीस ते साठ मीटर होईल. कोरड्या प्रदेशात या मापांत एक भर घालावी लागते: मोकळ्या जागेची दुपारचे ऊन खाणारी कड सर्वांत आधी वाळते, म्हणून रोपे सावलीच्या कडेला सरकवावीत. जागा एकदम सर्व वनभर करू नयेत. आज काही ठिकाणी, दहा वर्षांनी त्यांच्या कडा वाढवून, आणि मधल्या भागात त्यानंतर, असे केल्याने वेगवेगळ्या वयांची झाडे आपोआप मिळतात.

यंत्रांसाठी कायमचे मार्ग आखून द्यावेत आणि ट्रॅक्टर त्याबाहेर जाऊ देऊ नये. ओल्या मातीवरून एकदा गेलेल्या जड यंत्राने दाबलेली जमीन कित्येक दशके मोकळी होत नाही. स्प्रूस व पाइन वनांत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. मूळकूज बुरशीचे बीजाणू ताज्या कापलेल्या बुंध्यावर रुजतात आणि मुळांच्या संपर्कातून शेजारच्या निरोगी झाडांत जातात. त्यासाठी कापल्याबरोबर बुंध्यावर युरियाचे द्रावण किंवा स्पर्धक बुरशीची मात्रा लावतात, अथवा कडाक्याच्या थंडीत तोड करतात.

चौथी पायरी: आपोआप येणारी रोपे, पेरणी आणि लागवड

छत्र उघडल्यावर दोन-तीन वर्षे थांबून काय उगवते ते पाहावे. बी पडून उगवलेल्या रोपाचे मूळ पहिल्या दिवसापासून त्याच मातीत सरळ खाली जाते, त्याला रोपवाटिकेतून उचलल्याचा धक्का बसत नाही, आणि हजारो रोपांतून त्या जागी टिकणारीच उरतात. साध्या मोजणीसाठी १.७८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ घ्यावे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे दहा चौरस मीटर असते, म्हणून आतील रोपांना हजाराने गुणले की हेक्टरी संख्या मिळते. अशी वर्तुळे पुष्कळ ठिकाणी घ्यावीत, कारण रोपे कधीच सारखी विखुरलेली नसतात.

बीजवृक्ष नसलेल्या जागी हवी ती जात आणावी लागते. ओकसाठी जर्मनीतील वनपाल एक सुरेख युक्ती वापरतात: ‘जे’ नावाचा कावळ्याच्या कुळातील पक्षी हिवाळ्यासाठी ओकची फळे जमिनीत पुरून ठेवतो आणि त्यांतील कित्येक विसरतो, म्हणून वनात खांबांवर उघड्या पेट्या ठेवून त्यांत ही फळे भरतात आणि पेरणीचे काम पक्ष्यावर सोपवतात. इतर जातींची हातपेरणी करताना पालापाचोळा बाजूला सारून बी खनिज मातीला टेकेल असे पाहावे. उंदीर आणि रानडुकरे जास्त असतील तर पेरणीचा नाद सोडून रोपेच लावलेली बरी.

लागवडीसाठी लहान, दणकट, भरपूर तंतुमुळे असलेली रोपे निवडावीत. उंच रोप पाहायला बरे वाटते, पण त्याच्या पानांना पुरेल एवढे पाणी कापलेली मुळे देऊ शकत नाहीत. खड्डा मुळांच्या मापाचा घ्यावा; खड्ड्याच्या मापाला बसावीत म्हणून मुळे वाकवू अथवा दुमडू नयेत. मुळे वाहतुकीत क्षणभरही उन्हात उघडी राहू देऊ नयेत. लागवडीचा हंगाम असा निवडावा की रोपाला कोरड्या ऋतूपूर्वी मुळे धरण्यास पुरेसा काळ मिळेल. बियाण्याचा उगम लिहिलेला दाखला रोपवाटिकेकडून मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

पाचवी पायरी: चरणारे प्राणी

हरणे आणि इतर तृणभक्षी प्राणी सर्व रोपे सारखी खात नाहीत. जे दुर्मीळ आणि रुचकर ते आधी जाते, आणि नेमक्या त्याच जाती आपण आणू पाहत असतो. सिल्व्हर फर आणि ओक संपतात, स्प्रूस उरतो. प्रश्न किती गंभीर आहे हे समजण्यासाठी दहा मीटर बाजूचा एक चौरस कुंपणाने बंद करावा आणि शेजारी तेवढाच उघडा ठेवावा. दोन-तीन वर्षांत दोन्हींतील फरक डोळ्यांना दिसतो आणि वाद मिटतो. उपाय तीन आहेत: गटांना कुंपण, एकेका रोपाला नळी अथवा जाळी, किंवा कायद्याच्या चौकटीत प्राण्यांच्या संख्येचे नियमन. कुंपण घालायचे तर दर वादळानंतर ते तपासायची तयारी हवी. तुटलेले कुंपण प्राण्यांना आत अडकवते. प्लास्टिकच्या नळ्या वेळेवर काढल्या नाहीत तर त्या खोडात रुततात आणि पुढे तुकडे होऊन मातीत राहतात.

सहावी पायरी: पहिली वीस वर्षे

तण सरसकट काढू नये. ज्या गवताने वा वेलीने रोपाचा शेंडा झाकला आहे तेवढेच कापावे. कोवळ्या वनात मूळ जातीची रोपेही मुबलक येतात, कारण तिचे बी सर्वत्र असते. ती सगळी काढण्याची गरज नाही, परंतु मिश्र गटांत दर चार-पाच वर्षांनी एकदा फिरून मागे पडणाऱ्या जातीच्या बाजूने हस्तक्षेप करावा लागतो. हे काम स्वस्त आहे, अर्ध्या दिवसात पुष्कळ क्षेत्र होते, आणि तरीही रूपांतर बहुधा इथेच फसते: लागवडीसाठी पैसे आणि उत्साह दोन्ही मिळतात, देखभालीसाठी दोन्ही आटलेले असतात.

निलगिरीसारख्या जाती तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतात. तिथे पहिल्या तोडीनंतर येणारे खोडवे दोन-तीन वेळा छाटावे लागतात किंवा बुंध्यावर दाट सावली आणावी लागते. याचा खर्च योजनेत आधीच धरावा.

वन आधीच मेले असेल तर

सालभुंग्याचा ताजा प्रादुर्भाव झाडाच्या बुंध्यापाशी आणि सालीच्या खवल्यांवर पडलेल्या तपकिरी भुश्यावरून ओळखता येतो. त्या वेळी शेंडा अजून हिरवा असतो. अशी झाडे नवी पिढी उडण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्यात सुमारे सहा ते आठ आठवड्यांच्या आत, वनाबाहेर काढावीत किंवा त्यांची साल सोलावी. जी झाडे पूर्ण वाळून साल सुटली आहे, त्यांतून भुंगे केव्हाच गेलेले असतात. ती काढल्याने प्रादुर्भाव थांबत नाही. उलट उभ्या वाळक्या खोडांची विरळ सावली जमिनीला वाचवते आणि आडवी खोडे ओल धरून ठेवतात. म्हणून वाटांजवळची आणि कामगारांना धोका असलेली झाडे पाडून उरलेली तशीच राहू द्यावीत. जिथे आगीचा धोका मोठा आहे तिथे मात्र साचलेले बारीक जळण कमी करणे आणि जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या) स्वच्छ ठेवणे याला अग्रक्रम द्यावा. अशा उघड्या जागी आधी आद्यप्रवासी वृक्ष येऊ द्यावेत आणि काही वर्षांनी त्यांच्या सावलीत दीर्घायुषी जातींचे गट लावावेत.

नोंदी आणि शेवटची तोड

मोजणीच्या वर्तुळांच्या केंद्राशी टिकाऊ खुंट रोवून दर पाच वर्षांनी तीच मोजणी करावी आणि त्याच जागेवरून त्याच दिशेने छायाचित्र घ्यावे. कोणती जात किती जगली, कशाने मेली, हे जाती व बियाण्याच्या उगमासह लिहावे. पुढची लागवड या वहीवरून ठरवायची असते. एखादी जात सलग दोन मोजण्यांत घटत असेल तर तिच्यावर खर्च करणे थांबवून जी टिकते तिच्या गटांना जागा द्यावी.

नवी पिढी प्राण्यांचे तोंड पोहोचणार नाही इतकी उंच गेली आणि तिचे शेंडे एकमेकांना भिडू लागले की वरील जुनी झाडे टप्प्याटप्प्याने काढता येतात. प्रत्येक झाड त्याचा शेंडा गटाबाहेर पडेल अशा बेताने पाडावे आणि आखलेल्या मार्गापर्यंत दोराने ओढून न्यावे. हेक्टरी पाच-दहा जुनी झाडे, विशेषतः पोकळ्या आणि वाळक्या फांद्या असलेली, कधीच न तोडण्यासाठी खुणा करून ठेवावीत. त्यांत मूळ जातीचीही काही असावीत, कारण मिश्र वनात तिलाही, इतरांइतकीच, जागा आहे.